पळीभर तेल

खानदेशाचे नाव काढले की परमुलखातील माणसाच्या मनात कापसाच्या गाड्या, केळीच्या बागा आणि वैशाखाचे ऊन एवढ्या तीन गोष्टी उभ्या राहतात. डोंगर उभा राहत नाही. ह्यात त्या माणसाचा फारसा दोष आहे असे आम्हांस वाटत नाही. कारण आगगाडीच्या खिडकीतून जो खानदेश दिसतो तो खरोखरच ताटासारखा सपाट आहे, आणि चाळीसगाव ते भुसावळ हा प्रवास बहुतेक लोक झोपेतच करीत असतात. खुद्द जळगाव-धुळ्याकडील सुशिक्षित कुटुंबांची समजूतही फारशी निराळी नाही. थंड हवा हवी असेल तर महाबळेश्वर, किल्ला पाहावयाचा असेल तर रायगड किंवा सिंहगड, लेणी पाहावयाची असतील तर अजिंठा किंवा वेरूळ, अशी त्यांनी आपल्या सुट्ट्यांची वाटणी करून ठेविली आहे. घराच्या जवळपास एखादा डोंगर असलाच, तर सूर्य कोणत्या बाजूस मावळतो एवढे कळण्यापुरताच त्याचा उपयोग!

वास्तविक खानदेश हा दोन डोंगरांच्या मधला मुलूख आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग, आणि मधून तापी. ह्यांपैकी दक्षिणेची रांग चाळीसगाव तालुक्यात एकाएकी भिंतीसारखी उठते. तिच्या माथ्यावर मराठवाड्याचे पठार सुरू होते. ही भिंत चढून जाणाऱ्या घाटाला औट्रम घाट म्हणतात. १८२५ साली खानदेशात भिल्लांची पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रम ह्या इंग्रज अंमलदाराचे हे नाव. वेरुळास जाणारी मंडळी ह्याच घाटाने जातात आणि घाट संपला की हुश्श करितात. परंतु घाटाच्या पश्चिमेस, चाळीसगावापासून सुमारे १८ किलोमीटरांवर, त्याच भिंतीच्या एका खोबणीत पाटणादेवीचे रान आहे, आणि त्या रानावर पहारा करीत असल्यासारखा एक कातळी डोंगर उभा आहे. त्याचे नाव कण्हेरगड.

ह्या गडाचे दैव असे की, त्याचे नावही पुरते त्याचे नाही. कण्हेरगड म्हटले की इतिहासाच्या वाचकाला रामजी पांगेरा आठवतो. पण रामजी ज्या गडाखाली दिलेरखानाच्या फौजेशी लढला तो कण्हेरगड नाशिक जिल्ह्यातला. आमच्या ह्या कण्हेरगडाला पोवाडा नाही आणि बखरीत पानही नाही. पाटणादेवीस नवरात्रात जी यात्रा लोटते ती देवीपुरती असते. हौशी लोक पुढे धवलतीर्थाच्या धबधब्यापर्यंत किंवा केदारकुंडापर्यंत जातात, पाण्यात पाय बुडवितात आणि परततात. गडाकडे मान वर करून पाहणारे थोडे, आणि चढणारे त्याहून थोडे.

अशा अप्रसिद्ध डोंगरांविषयी आमच्या मनात एक पक्षपात आहे, तो येथे सांगून टाकणे बरे. प्रसिद्ध स्थळे आपण पाहण्यापूर्वीच पाहिलेली असतात. तेथे कोठे उभे राहावे, कोणत्या बुरुजावरून कोणते शिखर दाखवावे, कोणत्या ठिकाणी ऊर भरून यावा, हे सारे आधीच कोणीतरी ठरवून ठेविलेले असते. आणि ठरल्या ठिकाणी ऊर भरून आला नाही, तर माणूस मनातल्या मनात ओशाळतो. अप्रसिद्ध डोंगरावर ही जबाबदारी नसते. तो आपल्याला काही दाखवील अशी अपेक्षाच नसल्यामुळे त्याने जे दाखविले ते सगळे आपल्या पदरात पडते.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी आम्ही चौघे ह्या गडाच्या पायथ्याशी येऊन पोहोचलो. आमच्यांत एक गणिताचे निवृत्त मास्तर होते. मास्तरांचे एक वैशिष्ट्य असे की, आयुष्यभर मुलांकडून गणिते सोडवून घेतल्यानंतर त्यांनी निवृत्तीत एक न सुटणारे गणित स्वतःच्या अंगावर घेतले आहे. ते म्हणजे त्यांच्या गावातील एक लहानसे वाचनालय. दोन खोल्या, सहा कपाटे, आणि दरवर्षी कमी कमी होत जाणारे वर्गणीदार. गाडीत बसल्यापासून मास्तर आम्हांस त्याचा जमाखर्च ऐकवीत होते, आणि चाळीसगाव मागे पडेपर्यंत त्यांनी निकालही जाहीर करून टाकिला होता : येत्या चैत्रात वाचनालयास कुलूप. पुस्तके एखाद्या शाळेस द्यावयाची आणि मोकळे व्हावयाचे. आम्ही त्यांच्या निकालावर काही बोललो नाही. पुस्तकांच्या कपाटांस वाळवी लागते त्याहून त्यांच्या चालकांस निराशा लवकर लागते, हे आम्हांस ठाऊक होते. परंतु निराश माणसाशी वाद घालण्यापेक्षा त्याला डोंगर चढावयास लावणे बरे, असा आमचा अनुभव आहे.

गडाच्या खालच्या रानात महादेवाचे एक जुने देऊळ आहे. काळ्या दगडाचे, उंच जोत्यावरचे, ज्याला आपल्याकडे सरसकट हेमाडपंती म्हणतात त्या धाटणीचे. खरे पाहता हे देऊळ हेमाद्रीच्या जन्माच्याही आधीचे असावे, कारण त्यातील शिलालेख शके १०७५ चा, म्हणजे इ. स. ११५३ च्या सुमाराचा आहे. त्या काळी ह्या मुलखावर निकुंभ नावाच्या घराण्याचे राज्य होते. ते देवगिरीच्या यादवांचे मांडलिक; सोळाशे गावांचे धनी म्हणवीत. इंद्रराज नावाच्या राजाने हे देऊळ बांधावयास घेतले. तो मध्येच वारला. मुलगा गोवन लहान. म्हणून राणी श्रीदेवी हिने राज्याचा कारभार सांभाळला, आणि देऊळही पुरे झाले. आठशेहून अधिक पावसाळे त्याच्यावरून गेले आहेत. त्याच्या भोवती पाटण नावाचे एक भरलेले नगर होते. आज त्या नगराच्या जागी अंजन, धावडा, सालई आणि टेंभुर्णी ह्यांची वस्ती आहे. १९८६ साली गौताळा-औट्रमघाट अभयारण्य जाहीर झाले, तेव्हापासून कायद्यानेही ह्या नगराचे नागरिक म्हणजे बिबटे, मोर आणि वानरे.

देवळापासून थोड्या अंतरावर एक वृद्ध गुराखी भेटला. आम्ही गडाची वाट विचारली. त्याने आम्हां चौघांस पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळले, विशेषतः मास्तरांच्या छत्रीकडे जरा अधिक वेळ पाहिले, आणि आश्चर्याने विचारले, "वर काय शे भाऊ? काहीच नही." खानदेशाच्या अहिराणी बोलीत नकारालाही एक गोडवा असतो. आम्ही म्हटले, "काही नसले तरी चालेल, बाबा, वाट तेवढी सांगा." त्यावर त्याने काठीने एका घळीकडे बोट केले आणि 'शिकलेली माणसे अशीच' असा चेहरा करून तो आपल्या गुरांमागे निघून गेला.

चढ प्रथम सोपा वाटतो. पिवळ्या गवतातून पायवाट जाते, मधूनमधून अंजनाची बारीक जुळी पाने पायांखाली सळसळतात. पुढे गवत संपते आणि सुटे धोंडे सुरू होतात. एक पाऊल वर टाकावे तर अर्धे पाऊल खाली येते. मास्तरांनी ह्या क्रियेवर एक त्रैराशिक रचून दाखविले, पण दुसऱ्या वळणावर त्यांचा श्वास तोकडा पडला आणि उत्तर राहून गेले. ह्या डोंगरांची रचना पायऱ्यापायऱ्यांची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून जो लाव्हा थरावर थर वाहिला, त्याचेच हे खडक. कठीण थर उभा कडा होऊन राहिला, मऊ थर झिजून उतार झाला. म्हणून ह्या मुलखात डोंगर चढणे म्हणजे एका कड्याच्या कपाळापासून दुसऱ्या कड्याच्या पायापर्यंत जाणे होय.

निम्म्या चढावर कातळात एक लेणे लागते. त्यास लोक नागार्जुनाची कोठडी म्हणतात. बाहेर दोन खांबांची ओसरी, आत दालन, आणि मागील भिंतीवर ध्यानस्थ बसलेली तीर्थंकराची मूर्ती. लेणे जैनांचे, नाव बौद्ध आचार्याचे, आणि जवळच जी दुसरी लहानशी खोदीव जागा आहे तिला नाव सीतेची न्हाणी! आमच्या मुलखातील सामान्य माणूस पंथभेदाविषयी किती उदासीन आहे ह्याचे हे उदाहरण आहे. ज्या कोणी हे खोदविले त्याचे नाव राहिले नाही. तेव्हा रिकाम्या जागेस ओळखीचे एक नाव देऊन टाकिले, एवढेच. आम्ही ओसरीत बसलो. आत गारवा होता, आणि खाली रानातून वानरांचा हुंकार ऐकू येत होता. सुमारे हजार वर्षांपूर्वी ही जागा निवडणाऱ्या माणसाला जागेची पारख होती, ह्याविषयी आमच्यांत मतभेद झाला नाही.

तेथून माथा गाठण्यास फार वेळ लागला नाही, परंतु शेवटचा टप्पा असा आहे की तेथे मास्तरांची छत्री आम्ही आळीपाळीने वाहिली. वर पोहोचल्यावर गुराख्याचे म्हणणे एका अर्थी खरे ठरले. पडक्या भिंतींच्या काही रेषा, कातळात खोदलेली पाण्याची टाकी, वाळके गवत आणि वारा. गडावर पाहण्यासारखे म्हणतात तसे काही नाही. पण गडावरून पाहण्यासारखे पुष्कळ आहे. दक्षिणेकडे उभे कडे आणि त्यांच्या मधील खोल दऱ्या. उत्तरेकडे क्षितिजापर्यंत पसरलेला खानदेश, शेतांच्या चौकटी, गावांची हिरवी ठिपकी, आणि धुक्यात कोठेतरी गिरणा. आणि अगदी पायांखाली, झाडांच्या गर्दीतून डोके काढणारे ते काळे देऊळ. वरून ते इतके लहान दिसते की, राणी श्रीदेवीचा तो सगळा खटाटोप ओंजळीत मावावा.

ह्या माथ्यावर बसून खालच्या रानाकडे पाहत असता, आम्हांस येथे ज्या कारणाने यावेसे वाटले होते ते आम्ही मंडळींस सांगितले. ते कारण म्हणजे दुसरा एक शिलालेख. पाटणच्या भवानीच्या पडक्या देवळात तो सापडला. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी १८६५ साली त्याची हकीकत विद्वानांपुढे मांडिली, आणि पुढे कीलहॉर्न ह्या जर्मन पंडिताने एपिग्राफिया इंडिकाच्या पहिल्या खंडात तो साक्षेपाने छापिला. लेखात एका घराण्याची वंशावळ आहे. त्रिविक्रमापासून ती सुरू होते, आणि सातव्या पिढीस जो पुरुष येतो त्याचे नाव भास्कर. हाच लीलावती आणि सिद्धान्तशिरोमणी लिहिणारा भास्कराचार्य. शके १०३६ मध्ये जन्मलेल्या आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी शिरोमणी पुरा करणाऱ्या ह्या पुरुषाविषयी त्याच्या ग्रंथांबाहेर आपणांस जे थोडे ठाऊक आहे त्यातील बराच भाग ह्या दगडाने राखिला आहे. लीलावती ही त्याची अभागी कन्या, आणि घटिकापात्रात मोती पडून तिचा मुहूर्त चुकला, ही सर्वांस आवडणारी गोष्ट फैजीने १५८७ साली केलेल्या फारशी भाषांतरातून आली आहे. दगडाला ती ठाऊक नाही. दगड मुलाचे नाव सांगतो, लक्ष्मीधर. आणि नातवाचे, चांगदेव.

हा चांगदेव यादवराजा सिंघण ह्याच्या पदरी मुख्य ज्योतिषी होता. त्याने पाटण येथे एक मठ स्थापिला. मठ म्हणजे येथे विद्यालय. आजोबांचे सिद्धान्तशिरोमणीप्रभृति ग्रंथ आणि घराण्यातील इतरांचे ग्रंथ तेथे नेमाने शिकविले जावेत, हा त्याचा उद्देश. निकुंभ राजा सोइदेव ह्याने मठास दान दिले, आणि त्याचा भाऊ हेमाडिदेव ह्यानेही पुढे दिले. श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहण. इंग्रजी तारीख पडते ९ ऑगस्ट १२०७. चंद्र-सूर्यांची ग्रहणे शिकविणाऱ्या शाळेचे दानपत्र ग्रहणाच्या दिवशी व्हावे, हा योग मास्तरांस फार आवडला. भास्कराचार्य स्वतः येथे राहिले असे मात्र हा लेख सांगत नाही. त्यांचे गाव विज्जलविड; ते नेमके कोणते, ह्यावर विद्वानांचे एकमत नाही. आम्हांस त्या वादात रस नाही. थोर पुरुष कोणत्या खोलीत जन्मला ह्यापेक्षा त्याचा ग्रंथ कोणत्या खोलीत शिकविला गेला, हे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते.

परंतु ह्या लेखाची खरी गंमत पुढेच आहे. वंशावळ, राजांची स्तुती, पांडित्याचे वर्णन, हे सारे संस्कृतात आहे. अखेरीस, मठाचा खर्च चालावा कसा, हा प्रश्न आला तेथे लेखाची भाषा एकाएकी पालटते. ती मराठी होते. ज्ञानेश्वरीच्याही ८० हून अधिक वर्षे आधीची मराठी! पाटणच्या बाजारात जो माल उघडेल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारी जकात मठास दिली आहे. गिऱ्हाइकाकडून पाच पोफळे मठास. गावात जितके घाणे चालतील तितक्यांमागे पळी पळी तेल मठास. येथे जे काही मोजावयाचे ते मठाच्या मापाने मोजावे. प्रशस्ती संस्कृतात आणि हिशेब मराठीत, अशी ही वाटणी आहे. आणि ती ज्याने केली तो व्यवहारचतुर होता ह्यात संशय नाही. राजाची स्तुती तेल्याला कळली नाही तरी चालण्यासारखे होते. आपल्या घाण्याचे पळीभर तेल कोणाकडे जावयाचे, हे मात्र त्याला त्याच्या भाषेत कळणे अवश्य होते.

हे ऐकून आमच्यांतील एकाने विचारले, की राजा दाता असता हे पळीभर तेल आणि पाच सुपाऱ्या कशाला? प्रश्न योग्य होता. आम्हांस त्याचे उत्तर असे वाटते. राजाचे दान मोठे खरे, परंतु ते राजा असेतोवर. निकुंभ गेले, शंभर-सव्वाशे वर्षांत यादवही गेले. घाणा मात्र कोणाचेही राज्य असले तरी फिरतच असतो. ज्या विद्येला बाजाराने रोज थोडे थोडे द्यावे, ती विद्या बाजाराची होते. तिचे काय चालले आहे हे विचारण्याचा हक्क तेल्याला पोहोचतो, आणि आपल्या तेलावर कोणीतरी रात्री ग्रहगणित करीत बसला आहे ह्याचा त्याला अभिमानही वाटत असेल. तेल्याच्या पोरांस त्या मठात प्रवेश होता काय, ह्या प्रश्नाचे उत्तर त्या काळाच्या चालीरीती जाणणाऱ्या वाचकांस आम्ही सांगावयास नको. त्याने तेल द्यावे आणि दिव्याच्या उजेडाबाहेर बसावे, हा त्या व्यवस्थेतील मोठा अन्याय होता. तो अन्याय झाकून ठेवून जुन्या काळाचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. पण अन्याय काढून टाकावयाचा असतो; त्याच्याबरोबर तेलही बंद करावयाचे नसते.

शिवाय ही रीत चांगदेवाने नवी काढिली असेही नाही. आम्ही बसलो होतो तेथून दक्षिणेकडील डोंगरात, दरीच्या वरच्या अंगास पितळखोऱ्याची लेणी आहेत. ती ह्या मठाहूनही सुमारे तेराशे वर्षांनी जुनी. तेथील एका खांबावर देणाऱ्याचे नाव कोरलेले आहे : पैठणचा मितदेव, कुळ गांधिकाचे, म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे. म. न. देशपांडे ह्यांच्या देखरेखीखाली १९५० नंतरच्या दशकात तेथे उत्खनन झाले, तेव्हा डोक्यावर थाळी घेतलेली, तोंडभर हसणारी यक्षाची एक मूर्ती निघाली. आज ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर घडविणाऱ्याचे नाव आहे : कण्हदास, धंदा सोनाराचा. अत्तर विकणाऱ्याने खांब द्यावा, सोनाराने यक्ष घडवावा, तेल्याने पळीभर तेल द्यावे, असा हा ह्या डोंगरांचा जुना जमाखर्च आहे. राजांची नावे पुष्कळदा फक्त मिती सांगण्यापुरती येतात.

मास्तर बराच वेळ गप्प होते. मग ते म्हणाले, "अहो, भास्कराचार्यांच्या नावाचे उपग्रह १९७९ साली आणि १९८१ साली आकाशात गेले, ते मी मुलांना शिकविले आहे. पण त्यांच्या नातवाच्या शाळेत तेल कोण घालीत होते, हे मला आज वयाच्या सत्तरीत कळते आहे." आम्ही म्हटले, की नाव आकाशात गेले आणि मठ जमिनीत गेला, असे झाले खरे. खाली त्या रानात मठ नेमका कोठे होता हे दाखविणारा एक दगडही आज उभा नाही.

उतरताना सूर्य कलला होता. आम्ही देवीच्या देवळाशी आलो. चंडिकेचे हे ठाणे जागृत समजले जाते; आडवार असूनही पाचपन्नास माणसे होती. आमच्या पुढे एक शेतकरीण उभी होती. तिने लुगड्याच्या ओच्यातून एक लहानशी बाटली काढिली, बूच उघडले, आणि तेवणाऱ्या दिव्यात बेताने थोडे तेल ओतले. पळीभर असेल नसेल. उरलेले तेल तिने बूच लावून पुन्हा जपून ठेविले. बहुधा पुढच्या एखाद्या देवासाठी. मास्तरांनी आमच्याकडे पाहिले. त्यांच्या मनात काय आले हे त्यांनी सांगावयास नको होते, कारण तेच आमच्याही मनात आले होते. पाटण मोडले, निकुंभ गेले, बाजार उठला, रान वाढले. पण देवीचे तेल एक दिवसही चुकले नसावे. मठाचे मात्र कधी तुटले, ह्याची कोणी नोंदही केली नाही.

ह्यावरून भाविकांना बोल लावण्याचा मोह काही सुधारकांना होईल. आम्हांस तो होत नाही. ती बाई आपले काम चोख करीत होती. तिला कोणी शिकविले नाही, पावती दिली नाही, तरी तिच्या घराण्यात ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. प्रश्न आहे तो आमचा. आम्ही जे स्वतःस विद्येचे उपासक म्हणवितो, त्या आमच्या घरांत विद्येच्या देवळासाठी अशी बाटली कोणाच्या ओच्यात असते? आम्ही विद्येचे काम सरकारवर सोपवून निश्चिंत झालो आहोत. सरकारने आपल्या परीने केलेही. जळगावास १९९० साली विद्यापीठ झाले आणि २०१८ पासून त्यास बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. एका शेतकरी कवयित्रीचे नाव विद्यापीठास मिळावे, ही चांगदेवाच्या मठाहून मोठी मजल आहे, हे आम्ही आनंदाने मान्य करितो. तथापि राजाचे दान ते राजाचे दान. घाण्याचे तेल निराळे.

ते तेल खानदेशात अजिबात आटलेले आहे असेही नाही. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास वारले. त्यांच्यापाशी दप्तरांखेरीज दुसरी मालमत्ता नव्हती. धुळेकरांनी दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ काढिले, आणि ते आजही उभे आहे. त्याच शहरात शंकर श्रीकृष्ण देव ह्यांनी मठामठांतून फिरून समर्थ संप्रदायाची बाडे गोळा केली. ती श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात जपून ठेविली आहेत. ह्या संस्थांच्या मागे कोणी सोळाशे गावांचा धनी नव्हता. वकील, शिक्षक, व्यापारी अशा साध्या माणसांनी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे पळी पळी घातली, म्हणून दिवा राहिला.

कण्हेरगड चढावा असे आम्ही वाचकांस आग्रहाने सांगणार नाही. वाट घसरडी आहे, सावली थोडी आहे, आणि वर, त्या गुराख्याच्या म्हणण्याप्रमाणे, काहीच नाही. ज्यास जावयाचे असेल त्याने पावसाळा सरल्यावर जावे, पाणी बरोबर न्यावे आणि उजेडी खाली उतरावे. बाकीच्यांनी आपल्या गावाजवळचा जो डोंगर असेल तो चढावा. वरून आपले गाव केवढे दिसते हे पाहावे. आणि त्या एवढ्याशा गावात आपल्या पूर्वजांनी काय काय चालविले होते आणि कोणाच्या तेलावर, ह्याची चौकशी करावी. आपण आज काय चालवितो आहोत, ही चौकशी मग आपोआप सुरू होते.

मास्तरांनी परतीच्या वाटेवर वाचनालयाचा विषय काढिला नाही. गुढीपाडव्यानंतर एका कामानिमित्त आम्ही त्यांच्या गावास गेलो होतो. दोन खोल्या उघड्या होत्या आणि दाराशी एक नवी पाटी होती. मासिक वर्गणीचा जुना आकडा पुसून मास्तरांनी तेथे खडूने लिहिले होते : 'ज्याने त्याने आपल्या पळीने द्यावे.' पाटीचा अर्थ गावात निम्म्या लोकांस कळलेला नाही, अशी त्यांनी तक्रार केली. पण वर्गणीदार चार वाढले आहेत, आणि त्यांतला एक गावातला लाकडी घाण्याचा तेली आहे.